‘वॉचमेन’: गोष्ट, चित्रं आणि तो शेवट (सगळं उघड केलंय, न वाचलेल्यांनी जपून)

तिरपी रेघ (छत्रपती संभाजीनगर)

‘वॉचमेन’चा विषय निघाला की दोन तक्रारी ठरलेल्या. एक, चित्रं सपाट आहेत. दोन, शेवटी तो अजस्र प्राणी कुठून टपकला तेच कळत नाही. इतर धाग्यांत हे भांडण अर्धवट राहतं, म्हणून स्वतंत्र धागा.

नवख्यांसाठी एवढंच: हे सुपरहिरोंचं इंग्रजी कॉमिक. कॉमेडियन नावाच्या जुन्या हिरोचा खून होतो, मुखवटेवाला रोर्शाक तपास करतो, आणि शेवटी कळतं की ओझिमँडियस या दुसऱ्या हिरोने अमेरिका-रशियाचं युद्ध टाळायला न्यू यॉर्कमध्ये एक बनावट परका प्राणी सोडून लाखो माणसं मारली. लेखन ॲलन मूर, चित्रं आणि अक्षरलेखन डेव्ह गिबन्स, रंग जॉन हिगिन्स. डीसी कॉमिक्सने १९८६-८७ मध्ये बारा अंकांत काढलं, मग एका पुस्तकात बांधलं.

माझं मत सांगतो. चित्रं सपाट आहेत, पण ती मुद्दाम सपाट ठेवलीत. नेहमीच्या सुपरहिरो कॉमिकमध्ये चार हत्यारं असतात: जाड-बारीक होत जाणारी लवचीक रेघ, वेग दाखवणाऱ्या रेषा, ‘धडाम’ छापाची मोठी अक्षरं आणि मनातलं सांगणारे ढगाळ फुगे. गिबन्सने चारही खाली ठेवली. रेघ कडक निबची, जवळपास एकाच जाडीची. एवढं काढून घेतल्यावर हातात काय उरतं? चौकट. पान आडवं तीन, उभं तीन असं नऊ घरांत विभागलेलं आणि पुस्तकभर हाच सांगाडा. दोन घरं जोडून एक करतो, तीन जोडून आडवी पट्टी करतो, पण मूळ माप सुटत नाही.

पहिलंच पान उघडा. गटारातल्या रक्तात पडलेला पिवळा हसरा बिल्ला, आणि नजर तिथून वर सरकत उंच इमारतीच्या फुटलेल्या खिडकीपर्यंत. वरच्या दोन ओळींत सहा चौकटी, खाली एक आडवी पट्टी. एकही चौकट ओरडत नाही, तरी पानाच्या तळाशी आपण खिडकीतून खाली वाकून बघतोय.

दौलताबादी

तिरपी रेघ, विश्लेषण झकास. पण चारशेच्या आसपास पानं नऊ-नऊ चौकटी बघून डोळे शिणतात हो. नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव वाचून ज्याची नजर तयार झाली त्याला पानभर उडी मारणारा हिरो पाहिजे असतो. इथं हिरो बहुतेक वेळ खोलीत बसून बोलतात. मारामारी आली तरी तीही नऊ घरांत कोंबलेली. बुद्धीला पटतं, हाताला पान उलटावंसं वाटत नाही.

जुनी शाई (परभणी)

दौलताबादी, तुम्हाला हवी ती पानभर चित्रं आहेत. फक्त ती तुम्हाला पाहिजेत तिथे नाहीत.

अकराव्या प्रकरणाचं शेवटचं पान काढा. पेपरच्या स्टॉलपाशी सगळी किरकोळ माणसं जमलीत: स्टॉलवाला, कॉमिक वाचणारा पोरगा, मानसोपचारतज्ज्ञ, पोलीस. चौकटी पांढऱ्या होत जातात आणि संपतात. बारावं प्रकरण उघडलं की सलग सहा पानं पानभर चित्रं आणि एक शब्द नाही. न्यू यॉर्कच्या रस्त्यावर प्रेतांचे ढीग. तीनशेहून जास्त पानं माणसाला नऊ घरांत जखडून ठेवलं नसतं तर या सहा पानांचा घाव इतका खोल गेला नसता. आधीच दहा ठिकाणी पानभर चित्रं उधळली असती तर ही सहा ‘आणखी सहा’ ठरली असती.

दुसरं, पाचवं प्रकरण. बहुतेकांनी ऐकलेलं असतं की ते आरशासारखं आहे, पण तपासताना गोंधळ होतो. रीत अशी:

पुस्तकाचे पानक्रमांक सोडा, प्रकरणाचे घ्या. प्रकरण २८ पानांचं. ज्या दोन पानांची बेरीज २९ येते ती जोडी: १ आणि २८, २ आणि २७, असं करत १४ आणि १५. दोन्ही पानांत बोटं घालून आळीपाळीने बघा. जुळते ती चौकटींची मांडणी आणि बऱ्याचदा प्रसंगही. पहिल्या पानावर रोर्शाक मोलॉक या जुन्या गुन्हेगाराच्या घरी पोचतो, शेवटी त्याच घरापाशी पोलीस त्याला धरतात. प्रत्येक वस्तू उलटी काढलेली सापडेल या आशेने गेलात तर निराश व्हाल, तसं ते नाही. मधली १४-१५ ही समोरासमोरची पानं मिळून एकच आकृती आहे, ओझिमँडियस मारेकऱ्यावर घाव घालतो ती. जाड पुस्तकाच्या डिंकाच्या बांधणीत नेमकी तीच शिवणीत बुडते. पुस्तक तिथे सावकाश, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी पानं दाबत उघडा. एकदम दाबलं तर पाठ तडकते आणि पुढे बरोबर तिथूनच पानं सुटतात.

आणि ज्याचा मुखवटाच शाईच्या डागाचा, दोन्ही बाजूंनी सारखा, तो रोर्शाकच या प्रकरणाचा नायक आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

समदे चौकटीचंच बोलायलेत. गोष्टीचं बोला की! मला तर शेवट फसलेला वाटतो. अकरा अंक खून कुणी केला, का केला हे इतकं बारीक विणत न्यायचं आणि बाराव्यात एक भलामोठा आठपाय सोडून लाखो माणसं मारायची? २००९ च्या सिनेमात तो प्राणी काढून टाकला तेच बरं केलं.

तिरपी रेघ

बालाघाटराव, प्राणी आभाळातून पडत नाही. त्याच्या खुणा पेरलेल्या आहेत, फक्त लोक जी पानं ओलांडतात नेमकी तिथे. पहिल्या अकरा प्रकरणांच्या शेवटी गद्य मजकूर आहे: आत्मचरित्राचे उतारे, पोलिसांची फाइल, मासिकातले लेख. ‘चित्रं संपली, पुढे चला’ म्हणून ती उलटली की शेवट तुटका वाटणारच.

पाचव्याच्या पुरवणीत चाच्यांच्या कॉमिक्सचा इतिहास आहे. तो नुसता गमतीचा लेख वाटतो, पण त्यात मॅक्स शे हा लेखक बेपत्ता झाल्याचं येतं. आठव्यात एक बेट दिसतं, तिथे तोच शे आणि हिरा मनीष ही चित्रकार (नाव आपल्याकडचं, हे वाचताना गंमत वाटते) कुठल्याशा गुप्त कामावर आहेत. तिच्या कागदावर काय आहे ते नीट बघा. दहाव्यात त्यांची बोट उडवली जाते. शिवाय मधूनमधून वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत बेपत्ता कलावंत येत राहतात. म्हणजे प्राणी हे लेखक-चित्रकारांनी मिळून बनवलेलं एक ‘कॉमिक’च आहे, फक्त जगाला खरं वाटलेलं.

सिनेमातल्या बदलाबद्दल: तिथे स्फोटांचा आळ डॉक्टर मॅनहॅटन या अतिमानवी शक्तीच्या हिरोवर येतो. पण १९८५ च्या या कल्पित जगात मॅनहॅटन हे अमेरिकेचं हत्यार. त्याने अमेरिकेला व्हिएतनाम जिंकून दिलं, त्या जोरावर निक्सन अजून खुर्चीत. त्याने शहरं उडवली तर रशिया अमेरिकेच्या गळ्यात पडेल की गळा धरेल? दोघांना एकत्र आणायचं तर शत्रू दोघांनाही परका पाहिजे.

बालाघाट

पेरणी पटली. प्राणी दिसायला अजून बी हास्यास्पदच वाटतो, ते सोडणार न्हाई.

वाघूर (सोयगाव)

इथे एक वेगळा धागा जोडतो. अजिंठ्याची १७ नंबरची लेणी जवळ असताना चौकट म्हणजेच चित्रकथा असं धरून का चालायचं? विश्वंतर जातकाच्या (बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट) भिंतीवर चौकट नावाला नाही. तोच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो: महालात, नगराबाहेर, वनात. प्रसंग तोडायला दारं, खांब, झाडं, खडक वापरलेत. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रसंग काळाच्या क्रमाने लावायची सक्ती नाही. महालात घडलेलं महालापाशी, अरण्यात घडलेलं अरण्यापाशी, मग ते गोष्टीत आधी असो की नंतर. बघणाऱ्याला गोष्ट माहीत आहे, त्याने ती भिंतीवर शोधायची.

आता ‘वॉचमेन’चं चौथं प्रकरण घ्या. डॉक्टर मॅनहॅटनला सगळा काळ एकदम दिसतो. मंगळावर बसलेला तो, १९४५ मध्ये घड्याळाचे सुटे भाग खिडकीतून फेकणारा बाप, १९५९ चा प्रयोगशाळेतला अपघात, सगळं शेजारी शेजारी आणि सगळं निवेदन वर्तमानकाळात. ‘पूर्वी’ दाखवायला कडा गोल करणं, रंग फिका करणं असली नेहमीची युक्ती नाही. तिन्ही काळांच्या चौकटी एकाच मापाच्या. मॅनहॅटन स्वतःचं आयुष्य अजिंठ्याच्या भिंतीसारखं बघतो आणि आपण मात्र डावीकडून उजवीकडे एकेक घर ओलांडत चाललोय. चौथ्याची सगळी वेदना या फटीत आहे.

मोसंबी (जालना)

वाघूर, छान. पण आपल्याकडे फक्त अजिंठाच नाही. वेरूळच्या कैलासावर मंडपाच्या दक्षिण अंगाला रामायण आणि उत्तर अंगाला महाभारत कोरलंय ते सरळ आडव्या पट्ट्यांत, एकाखाली एक. उत्तरेकडच्या खालच्या पट्ट्यांत कृष्णाच्या लीला. तिथे ओळ आहे, क्रम आहे. गिबन्सला शेजार शोधायचाच तर कैलासाचा शोधा. चौथं प्रकरण अजिंठ्याचं, बाकी अकरा वेरूळची.

वाघूर

पट्ट्या आहेत पण पट्टीच्या आत आडोसा नाही हो. हनुमान एकाच पट्टीत अनेकदा दिसतो, मध्ये उभी रेघ नाही. नऊ घरांमधली ती उभी पांढरी फट हीच तर गिबन्सची चावी आहे. बाकी मान्य.

गोदाकाठ (नांदेड)

सगळे एवढे खूश आहेत म्हणून थोडं बोचरं लिहिते. या पुस्तकात लॉरी या नायिकेला स्वतःचं असं काय आहे? आई म्हणाली म्हणून ती सिल्क स्पेक्टर झाली. आधी मॅनहॅटनची मैत्रीण, मग डॅनची, म्हणजे नाइट आउलची. नवव्या प्रकरणात मंगळावर तिला मोठा उलगडा होतो, तो कसला? तर आपला बाप कोण याचा. आणि त्या बापाने, कॉमेडियनने, आधी तिच्या आईवर हात टाकलेला. पुरुष पात्रांना जगाविषयीचं एकेक तत्त्वज्ञान दिलंय: रोर्शाकला कडवेपणा, ओझिमँडियसला हिशेब, मॅनहॅटनला अलिप्तपणा, कॉमेडियनला थट्टा. डॅनलासुद्धा निदान जुन्या दिवसांची ओढ आहे. लॉरीला फक्त नाती.

रचना म्हणून नववं सुंदर आहे, ते नाकारत नाही. ‘नॉस्टॅल्जिया’ अत्तराची बाटली फेकली जाते आणि आठवणींच्या मध्ये मध्ये ती गरगरत जाताना दिसत राहते. शेवटी ती आदळते तेव्हा मॅनहॅटनचा काचेचा महाल कोसळतो आणि उलगडाही तेव्हाच. पण रचना सुंदर असली म्हणून माणूस पूर्ण लिहिलंय असं होत नाही.

जुनी शाई

गोदाकाठताई, मुद्दा बरोबर आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच जोडतो की ही पात्रं चार्लटन कॉमिक्सच्या जुन्या हिरोंवर बेतलेली: रोर्शाक हा ‘क्वेश्चन’वरून, मॅनहॅटन ‘कॅप्टन ॲटम’वरून, नाइट आउल ‘ब्लू बीटल’वरून, कॉमेडियन ‘पीसमेकर’वरून, ओझिमँडियस ‘थंडरबोल्ट’वरून. डीसीने ते हिरो विकत घेतले होते, पण मूरच्या गोष्टीत त्यांची वाट लागली असती म्हणून नवी पात्रं करायला सांगितलं. सिल्क स्पेक्टरचा साचा यांतला सगळ्यात कच्चा होता आणि ते जाणवतं.

गोदाकाठ

साचा कच्चा असेल तर लेखकाने जास्त भरायचं असतं, दादा.

शेंदरी

रंगांवर कुणीच बोललं नाही. सुपरहिरो म्हटलं की लाल-निळा-पिवळा. हिगिन्सने जांभळा, हिरवा, नारिंगी, तपकिरी हे मिश्र रंग पुढे आणले. त्यामुळे रक्ताचा लाल आणि बिल्ल्याचा पिवळा लगेच वेगळे पडतात. मॅनहॅटनचा निळाही तसाच. सहाव्या प्रकरणात, तुरुंगात रोर्शाकची मानसोपचारतज्ज्ञापुढे चौकशी चालते तिथे, रंग पानागणिक काळवंडत जातात. पहिलं आणि शेवटचं पान शेजारी धरलं की फरक डोळ्यात भरतो.

आवृत्ती घेताना हे बघा: २००५ च्या मोठ्या ‘ॲब्सोल्यूट’ आवृत्तीसाठी रंग संगणकावर नव्याने केले, हिगिन्सच्या देखरेखीखाली. आधीच्या छपाईत त्या वेळचा कागद धरून रंग दिलेले असायचे. तेच रंग वेगळ्या कागदावर छापले की वेगळे दिसतात, म्हणून दुरुस्ती लागते. जुनी प्रत मिळाली आणि रंग किंचित मळकट वाटले तर छपाई बिघडली असं समजू नका.

चाच्यांच्या कॉमिकची पानं आणखी वेगळी: रंगाचे ठिपके मुद्दाम मोठे, कागद पिवळट. पेपरच्या स्टॉलपाशी बसलेल्या पोराच्या हातातलं स्वस्त मासिक आहे ते.

दौलताबादी

ते चाचे कशासाठी आहेत पण? प्रत्येक वेळी गोष्ट रंगात आली की मध्ये प्रेतांचा तराफा. सरळ गाळून वाचलं तर काय बिघडतं?

तिरपी रेघ

कथानक कळायला काही बिघडत नाही. ओझिमँडियस कळायला बिघडतं. बुडालेल्या गलबताचा एक माणूस आपलं गाव वाचवायला मेलेल्यांच्या तराफ्यावर बसून घरी जातो आणि चाचे आधीच पोचलेत या समजुतीत आपल्याच माणसांवर तुटून पडतो. ओझिमँडियसची गोष्ट याहून निराळी नाही. वाचायची रीत सांगतो: चाच्यांची गोष्ट तिसऱ्या प्रकरणात सुरू होते, अकराव्यात संपते. त्या पानांवर पिवळट पट्टीतलं त्या तराफ्यावरच्या माणसाचं निवेदन आणि फुग्यातलं स्टॉलवाल्याचं बोलणं एकमेकांवर पडतात. आधी फक्त पट्ट्या वाचा, मग फक्त फुगे, मग दोन्ही मिळून. तिसऱ्या वेळी एकाचं वाक्य दुसऱ्याच्या चित्राला लागू पडताना दिसेल. आणि ज्या जगात मुखवटेवाले खरेच रस्त्यावर फिरले, १९७७ मध्ये कायद्याने त्यांना घरी बसवलं, तिथली पोरं हिरोंची कॉमिक्स कशाला वाचतील? चाच्यांचीच वाचणार.

मोबाइलवर वाचणाऱ्यांना एक सूचना: एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय बंद ठेवा. चौकटींची जोडी, पानाचा समतोल, पाचव्या प्रकरणाचा आरसा, सगळं त्यात मरतं. निदान दहा इंची पडदा, आणि १४-१५ साठी तो आडवा धरून दोन पानं एकत्र.

कंपासपेटी (लातूर)

वेगळा प्रश्न. नऊ घरांचं पान मराठीत करून बघायचंय, गोष्ट आमच्याच भागातली. कागद ए-थ्री, शेवटी ए-फाइव्ह आकाराची पुस्तिका. माप कसं घ्यायचं? आणि मजकूर चौकटीत मावत नाही, त्याचं काय करायचं?

जुनी शाई

ए-थ्री म्हणजे २९७ × ४२० मिमी. आत २५० × ३७० चा आयत आखा. दोन चौकटींमधली फट ५ मिमी. मग आडवं: २५० मधून दोन फटींचे १० गेले, उरले २४०, भागिले तीन, ८० मिमी. उभं: ३७० मधून १० गेले, ३६०, म्हणजे १२० मिमी. घर ८० × १२०, सोपं माप. समास डाव्या-उजव्या बाजूला साडेतेवीस, वर-खाली २५ मिमी. आखणी एकदाच जाड कागदावर करून घरांच्या कोपऱ्यांवर सुईने भोकं पाडा आणि तोच साचा प्रत्येक पानावर ठेवून टोचा. दर वेळी पट्टीने आखलं की पाचव्या-सहाव्या पानापासून मिलिमीटर हलतो आणि पुस्तिका चाळताना घरं थरथरतात.

ए-थ्रीचं ए-फाइव्ह म्हणजे बरोबर निम्मं. छापल्यावर घर ४० × ६० मिमी आणि फट अडीच मिमी. ०.३ चं पेन छापून ०.१५ होतं, झेरॉक्समध्ये तुटतं. बाहेरच्या रेघेला ०.६ ते ०.८, आतल्या बारकाव्याला ०.४ च्या खाली नको. पाठीला पिना मारणार असाल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा.

मजकुराचं. मूरचा हिशेब असा की सहा चौकटींच्या पानावर चौकटीमागे जास्तीत जास्त ३५ शब्द, म्हणजे पानाला २१०. तेच नऊ घरांत वाटले तर घरामागे २३. पण इंग्रजी कॉमिकची अक्षरं सगळी कॅपिटल, एका उंचीची, ओळी चिकटून बसतात. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळी तेवढ्याच जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. छापील अक्षर ९ पॉइंट धरा, म्हणजे मूळ कागदावर १८, आणि ओळीचं अंतर अक्षराच्या दीडपट. ४० मिमीच्या घरात फुगा तीसेक मिमी रुंद येतो, ओळीला तीन-चार शब्द. पाच ओळी घेतल्या तर वरचा जवळजवळ निम्मा भाग गेला. म्हणून मराठीत घरामागे १२ ते १५ शब्द हीच मर्यादा, आणि तेही सलग तीन घरांत नको, चौथं घर मुकं ठेवा.

आधी अक्षरं लिहा, मग भोवती फुगा काढा, मग माणसं. उलट क्रमाने गेलं की शेवटच्या ओळीला फुगा पुरत नाही आणि पात्राचं डोकं कापलं जातं.

कंपासपेटी

भारीच. रोर्शाकच्या फुग्याची कड थरथरती असते, तसं एका पात्राला करायचंय. देवनागरीत चालेल?

जुनी शाई

चालेल, पण फुग्याची कड थरथरती ठेवा, अक्षर नाही. शिरोरेघ वाकडी केली की भ आणि म, घ आणि ध ओळखू येईनासे होतात. आणि कारण असू द्या. रोर्शाकचे फुगे सुरुवातीपासून तसे नाहीत. १९६० च्या दशकातल्या आठवणींत त्याच्या बोलण्याला साधा गोल फुगा आहे. १९७५ चं अपहरण झालेल्या मुलीचं प्रकरण घडलं आणि त्यानंतरच कड फाटली. मॅनहॅटनचा निळा, दुहेरी कडेचा फुगाही अपघातानंतरचाच. तुमच्या पात्राचा फुगा कुठल्या घरापासून बदलतो ते आधी ठरवा.

बालाघाट

कंपासपेटी, शेवटी प्राणी मात्र घालू नका.

कंपासपेटी

घरं नऊच आहेत, बालाघाटराव. मावणार नाही तो.